ललिताच्या मामाचे कर्ज

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘परिणीता’ या १९१४ मधल्या छोटेखानी कादंबरीची सुरुवात एका कारकुनाच्या पडलेल्या चेहऱ्याने होते. शक्ती लागून कोसळताना लक्ष्मणाचा चेहरा जितका उतरला असेल, त्याहूनही गुरुचरणाचा चेहरा वाईट दिसत होता, असे लेखक सांगतो. कारण बायकोला पाचवी मुलगी झाल्याची बातमी पहाटेच त्याच्या कानावर आली आहे. हा गुरुचरण बँकेत साठ रुपये पगारावर काम करतो, दुसऱ्या मुलीच्या लग्नासाठी राहते घर शेजारच्या नवीन राय यांच्याकडे गहाण टाकून बसला आहे, आणि आईबाप गेलेली तेरा वर्षांची भाची ललिता हीसुद्धा त्याच्याच आश्रयाला आहे. नवीन राय यांचा मुलगा शेखर आणि ही ललिता यांच्यात पुढे जे काही घडते, ते सगळे या गहाणखताच्या सावलीत घडते.

प्रदीप सरकार दिग्दर्शित आणि विधू विनोद चोप्रा निर्मित हिंदी ‘परिणीता’ २००५ मध्ये आला, तेव्हा तो बहुतेकांना आवडला आणि आजही तो पुन्हा पुन्हा पाहिला जातो. त्यात आवडण्यासारखे पुष्कळ आहे. विद्या बालनचे हिंदीतले ते पदार्पण होते आणि तिच्या ललितामध्ये जो संयम आहे, तो त्या काळच्या हिंदी नायिकांमध्ये सहसा दिसत नव्हता. शंतनू मोईत्रा यांचे संगीत आणि स्वानंद किरकिरे यांचे शब्द कथेच्या अंगाने जातात. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठी दिला जाणारा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. तरीही या चित्रपटाविषयी एक आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते, आणि तो केवळ या चित्रपटापुरता नाही. जुन्या बंगाली कादंबऱ्यांवरून हिंदीत जे ‘त्या काळातले’ प्रेमपट तयार होतात, त्यांत त्या काळाचे कपडे, दिवे, मोटारी आणि ग्रामोफोन काटेकोरपणे उभे केले जातात, परंतु त्या काळातल्या माणसांच्या पायांत ज्या बेड्या होत्या, त्या मात्र गुपचूप काढून घेतल्या जातात. मग प्रेमाच्या आड येणारा अडथळा म्हणून एक दुष्ट माणूस पुरतो. ‘परिणीता’मध्ये नेमके हेच झाले आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करायला हवी. तेरा वर्षांच्या मुलीची प्रेमकथा आज पडद्यावर जशीच्या तशी दाखवता येणार नाही आणि दाखवूही नये. शरदबाबूंच्या कथेतल्या ललिताचे वय हा त्या काळच्या व्यवस्थेचा भाग होता. १९१४ मध्ये हिंदू मुलीच्या लग्नाला कायद्याने कोणतेही किमान वय नव्हते. कलकत्त्यातल्या फुलमणी या बालिकेच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये जो संमतिवयाचा कायदा झाला, त्याने शरीरसंबंधासाठीचे वय दहावरून बारा केले, इतकेच. आणि तेवढ्यावरूनही पुण्यात लोकमान्य टिळक आणि सुधारक यांच्यात किती रणे माजली, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. मुलीच्या लग्नासाठी चौदा वर्षांची अट सर्वांना लागू करणारा शारदा कायदा १९२९ मध्ये आला. म्हणजे शरदबाबूंच्या वाचकाला तेरा वर्षांची अविवाहित भाची ही घरातली काळजी वाटत होती; आपल्याला वाटतो तो संकोच त्याला वाटत नव्हता. पटकथाकारांनी ललिताला प्रौढ केले आणि कथा १९६२ च्या कलकत्त्यात नेली, हा निर्णय म्हणून योग्यच होता. बिमल रॉय यांच्या १९५३ मधल्या ‘परिणीता’तही मीनाकुमारी काही तेरा वर्षांची दिसत नव्हती. आक्षेप वय वाढवण्याला नाही. वय वाढवल्यानंतर आणि जवळजवळ अर्धे शतक ओलांडल्यानंतर कथेतल्या बाकीच्या गोष्टींचे काय करायचे, हा प्रश्न कोणी स्वतःला विचारलेला दिसत नाही, याला आहे.

त्या बाकीच्या गोष्टींतली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कर्ज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बंगालमध्ये उच्चवर्णीय मध्यमवर्गात वरपक्षाला द्यायच्या रकमेने अनेक घरे बुडवली होती. मुलगा जितका शिकलेला तितका त्याचा भाव जास्त, असा हिशेब होता. विद्यापीठाच्या पदव्या लग्नाच्या बाजारात रोखीने वटवल्या जात होत्या. कादंबरी आली त्याच वर्षी, १९१४ च्या आरंभी, कलकत्त्यात स्नेहलता नावाच्या किशोरवयीन मुलीने स्वतःला जाळून घेतले, कारण तिच्या हुंड्यासाठी वडील राहते घर गहाण टाकायला निघाले होते. या मृत्यूने बंगालभर खळबळ उडाली, सभा झाल्या, कविता लिहिल्या गेल्या, तरुणांनी हुंडा न घेण्याच्या शपथा घेतल्या. गुरुचरणाचे घर ज्या कारणासाठी गहाण पडले आहे, ते कारण त्या वर्षीच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नव्हते. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’त बाप मुलीला पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, गुरुचरणाच्या घरी पैसा उलट दिशेने वाहतो, पण दोन्हीकडे मुलगी ही घरातल्या जमाखर्चातली एक ओळ आहे.

शरदबाबूंचे कौशल्य असे की हे कर्ज त्यांनी पार्श्वभूमी म्हणून ठेवले नाही, तर कथानकाचा प्रत्येक सांधा त्याच्याशी जोडला. शेजारी राहायला आलेला गिरीन हा ब्राह्मो समाजातला, म्हणजे जातीची बंधने नाकारणाऱ्या बंगाली सुधारक पंथातला, तरुण गुरुचरणाला बिनव्याजी पैसे देतो आणि घर सोडवतो. त्याच्याशी बोलता बोलता गुरुचरणाच्या लक्षात येते की जी जात आपल्या मुलींच्या लग्नासाठी एक पैशाची मदत करत नाही, पण लग्न वेळेत झाले नाही तर वाळीत मात्र टाकते, तिच्यात राहण्याचे बंधन आपण का पाळावे. तो ब्राह्मो होतो. हे धर्मांतर कोणत्याही आध्यात्मिक साक्षात्कारातून आलेले नाही. पाच मुलींच्या बापाने काढलेला तो हिशेब आहे. ब्राह्मोंच्या मागणीवरून झालेल्या १८७२ च्या विवाह कायद्यात मुलीसाठी किमान चौदा वर्षांची अट होती आणि त्याखाली लग्न करणाऱ्याला आपण हिंदू नसल्याचे लिहून द्यावे लागे. त्या समाजात मुलगी थोडी मोठी होईपर्यंत घरात राहिली म्हणून कोणी बोट दाखवत नव्हते. (ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन यांनी स्वतःच्या मुलीचे लग्न १८७८ मध्ये कूचबिहारच्या महाराजांशी ही अट मोडून लावले, तेव्हा समाजात फूट पडली, ही गोष्ट वेगळी.) गुरुचरण ब्राह्मो झाल्याबरोबर नवीन राय यांच्या घराशी असलेला राबता तुटतो, गच्चीवरून जाण्यायेण्याची वाट बंद होते, आणि शेखर-ललिता यांच्यामध्ये आता केवळ बापाचा राग उरत नाही, तर जात, धर्म आणि पैसा या तिन्ही गोष्टी एकदम उभ्या राहतात.

चित्रपटात यातले काय उरले? गुरुचरण अच्युत पोतदार यांनी मनापासून उभा केला आहे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची ती कायमची काकुळती मराठी प्रेक्षकाला ओळखीची वाटते. परंतु हा गुरुचरण साठ रुपयांचा कारकून राहिलेला नाही. तो पडझड झालेल्या हवेलीचा मालक आहे. घर गहाण आहे, पण नवीन रायला ते हवे आहे हॉटेल बांधण्यासाठी, आणि ललिता त्याच्याच कार्यालयात काम करत असताना हा बेत तिच्या हाती लागतो. ब्राह्मो समाज कथेतून पूर्णपणे गेला आहे. गिरीनचा गिरीश झाला आहे, आणि तो इंग्लंडहून आलेला धनाढ्य उद्योजक आहे, जो व्यवहारात भागीदार होऊन हवेली वाचवतो. म्हणजे जे कर्ज एका संपूर्ण जातिव्यवस्थेने गुरुचरणाच्या डोक्यावर ठेवले होते, ते आता एका लोभी बिल्डराच्या कारस्थानाचे फळ झाले. सव्यसाची चक्रवर्ती हे मोठ्या ताकदीचे नट आहेत आणि त्यांचा नवीन राय थंड डोक्याने भीती घालतो. पण खलनायक जितका प्रभावी होतो, तितकी कथा छोटी होते. कादंबरीतला नवीन राय वाईट माणूस आहे, यात शंका नाही. परंतु तो नाहीसा झाला असता तरी गुरुचरणाला उरलेल्या मुलींच्या लग्नासाठी दुसरा सावकार शोधावाच लागला असता. चित्रपटातला नवीन राय नाहीसा झाला, तर प्रश्नच उरत नाही.

दुसरी गोष्ट माळेची. कादंबरीत एका चांदण्या रात्री, घरात बाहुलीच्या लग्नाची धांदल चालू असताना, ललिता थट्टेत शेखरच्या गळ्यात माळ घालते, आणि तो तीच माळ परत तिच्या गळ्यात घालतो. तेवढ्याने ती स्वतःला विवाहित समजते आणि पुढची काही वर्षे कोणालाही काही न सांगता तसे वागते. आजच्या वाचकाला हे भाबडेपणाचे वाटेल. परंतु त्या मुलीच्या जागी उभे राहून पाहिले तर त्या माळेचे वजन कळते. तिच्याकडे मालमत्ता नाही, शिक्षण नाही, स्वतःचे घर नाही, लग्न नाकारण्याचा अधिकार नाही आणि एकदा लागलेले लग्न मोडण्याचाही नाही. आपल्या मनाने केलेली एकमेव गोष्ट म्हणून ती माळ तिला सोडवत नाही. त्यातच शेखरची भ्याड बाजूही उघडी पडते, कारण त्याच्यासाठी तीच माळ काही दिवसांनी अडचण ठरते, आणि अडचण ठरल्यावर तो ललितावर संशय घेऊन मोकळा होतो.

आता हीच माळ १९६२ मध्ये आणली की काय होते ते पाहा. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये झालेला आहे. त्याच्या आदल्या वर्षीचा विशेष विवाह कायदाही आहे, ज्याखाली दोन सज्ञान माणसे जात-धर्म न विचारता नोंदणी करून लग्न करू शकतात. गुपचूप घातलेल्या हाराला कायद्यात काय किंमत होती, याचे उत्तरही त्याच सुमाराच्या एका खटल्यात सापडते, आणि तो खटला महाराष्ट्रातलाच आहे: फेब्रुवारी १९६२ मध्ये एका विवाहित पुरुषाने होम आणि सप्तपदी न करता गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले, आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे लग्न कायद्याच्या दृष्टीने लागलेच नाही असे ठरवून त्याला द्विविवाहाच्या आरोपातून सोडले. पहिल्या बायकोच्या पदरात त्या निकालाने काय पडले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मुद्दा असा की १९६२ मध्ये कचेरीत नोकरी करणाऱ्या, लिहित्यावाचत्या, सज्ञान ललिताला माळेच्या आठवणीवर वर्षे काढण्याचे कारण नव्हते. ती शेखरला नोंदणी कार्यालयात यायला सांगू शकत होती आणि तो आला नसता तर त्याच दिवशी त्याची किंमत तिला कळली असती. चित्रपटाने माळेनंतर त्या दोघांचा शरीरसंबंधही दाखवला आहे. त्यामुळे प्रसंगाची उत्कटता वाढली असेल, पण ललिताची अगतिकता का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. कादंबरीत तिचे मौन हे तिच्या परिस्थितीतून आलेले आहे. चित्रपटात ते तिच्या स्वभावातून आल्यासारखे भासते, आणि मग ‘सोशिक भारतीय स्त्री’ या ठरावीक मूर्तीला आणखी एक हार चढतो.

कोणी म्हणेल की १९६२ निवडल्यावर १९१४ चे प्रश्न कसे राहणार? बरोबर आहे, पण मग १९६२ चे प्रश्न तरी कुठे आहेत? त्या कलकत्त्याकडे सांगण्यासारखे कमी नव्हते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी शहराचे स्वरूप पालटले होते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ मध्ये नुकताच लागू झाला होता आणि त्याने लग्नाचा बाजार बंद झाला नव्हता, हे सगळ्यांना दिसत होते. मध्यमवर्गीय घरांतल्या मुली आणि सुना गरजेपोटी नोकरीसाठी बाहेर पडत होत्या. सत्यजित राय यांचा ‘महानगर’ १९६३ मध्ये आला, त्यात घरोघरी फिरून विणकामाचे यंत्र विकणारी आरती आहे, तिचा पहिला पगार आहे, त्या पगाराने सासऱ्याचा आणि नवऱ्याचा दुखावलेला मान आहे. तेच शहर, जवळजवळ तेच वर्ष. ‘परिणीता’तली ललिताही नोकरी करते, आणि ही पटकथेतली सर्वांत चांगली कल्पना होती, पण तिच्या पगाराचे पुढे काय होते, मामाच्या घरात त्यामुळे तिचे स्थान बदलते का, ज्याच्या कपाटातून ती हवे तेव्हा पैसे घेते त्या शेखरसमोर ती आता वेगळी उभी राहते का, यातले काहीही चित्रपटाला विचारावेसे वाटत नाही. नोकरी ही फक्त हॉटेलचा नकाशा तिच्या नजरेस पडावा एवढ्यासाठी आहे. त्याऐवजी १९६२ म्हणून आपल्याला मिळते ते पार्क स्ट्रीटवरचे नाइट क्लब आणि तिथे गाणारी रेखा, दार्जिलिंगची छोटी रेल्वे, उघड्या टपाच्या मोटारी आणि बंगाली पद्धतीने नेसलेल्या सुंदर साड्या. हे सगळे डोळ्यांना सुखावते, हे मी नाकारत नाही. एखाद्या जुन्या वाड्याचे रिसॉर्ट करताना माजघरातली अंधारी बाळंतिणीची खोली पाडून तिथे आरसे लावावेत, तसे हे काहीसे आहे.

शेवट तर या सगळ्याचा कळस आहे. चित्रपटात दोन घरांच्या मध्ये नवीन रायने बांधलेली भिंत शेखर स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, सगळ्या वऱ्हाडासमोर फोडतो. लोक ओरडून त्याला बळ देतात. बापाची सत्ता विटांबरोबर कोसळते. थिएटरमध्ये या प्रसंगाला टाळ्या पडत असत. कादंबरीत असे काहीच नाही. तिथे शेखर बापाविरुद्ध एकदाही उभा राहत नाही. नवीन राय मरण पावतो, म्हणजे अडथळा आपोआप दूर होतो, आणि तरीही शेखर हलत नाही. आईने ठरवलेल्या दुसऱ्या मुलीशी लग्न करायला तो जवळजवळ तयार झालेला असतो. ललिताने आपले लग्न झाल्याचे सांगून गिरीनला नकार दिला होता, हे खुद्द गिरीनच्या तोंडून कळल्यावर मग कुठे तो आईकडे जातो. शरदबाबूंनी आपल्या नायकाला पराक्रम दिलेला नाही, आणि हा त्यांचा प्रामाणिकपणा होता. त्यांच्या बहुतेक कथांतले पुरुष असेच ऐन वेळी पाय मागे घेणारे आहेत आणि त्याची किंमत बायका चुकवतात. चित्रपटाने शेखरचा भ्याडपणा, त्याचा संशय, त्याने केलेला अपमान हे सर्व ठेवले आणि शेवटी पाच मिनिटांच्या तोडफोडीत ते सगळे माफ करून टाकले.

‘हा करमणुकीचा चित्रपट आहे, समाजशास्त्राचा ग्रंथ नव्हे’, असे यावर उत्तर मिळते. परंतु शरदबाबू स्वतः करमणूकच करत होते. मासिकांतून येणाऱ्या त्यांच्या कथा बंगालमध्ये घराघरांत वाचल्या जात, आणि मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे महाराष्ट्रातही वाचनालयांतून त्यांच्या पुस्तकांना मोठी मागणी होती. त्यांच्या लेखनात भावुकता आहे, योगायोग आहेत, रडवण्याची हौस आहे. तरी ‘परिणीता’ वाचून उठणाऱ्याला गहाणखत, वरपक्षाची मागणी आणि जातीचा बहिष्कार यांची गाठ कशी बसते, ते कळल्यावाचून राहत नाही. लोकप्रिय होण्यासाठी हे गाळावे लागते, हा समज त्या पुस्तकानेच खोटा ठरवलेला आहे. बिमल रॉय यांचा चित्रपटही कादंबरीच्या बराच जवळ राहून त्यांना आणि मीनाकुमारीला फिल्मफेअर पुरस्कार देऊन गेला.

शिवाय हा प्रश्न केवळ रसास्वादाचा नाही. शंभर वर्षांपूर्वीची लग्ने कशी होत, याची बहुसंख्य प्रेक्षकांच्या मनातली प्रतिमा इतिहासाच्या पुस्तकांतून येत नाही. ती अशाच चित्रपटांतून आणि मालिकांतून येते. त्या प्रतिमेत जर जुना काळ म्हणजे मंद दिवे, पत्रे, लाजणे आणि एक कठोर बाप एवढाच राहिला, तर आजच्या लग्नांत शिल्लक असलेला तोच व्यवहार ओळखण्याचे साधनही आपल्या हातून जाते. मुलीच्या लग्नासाठी आजही जमिनी आणि घरे गहाण पडतात, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी विचारले तर कळेल.

कादंबरीचे लेखकहक्क केव्हाच संपले आहेत, त्यामुळे ती पुन्हा कोणी तरी करणारच. त्याने एका पात्राकडे पाहावे. गुरुचरणाची मुलगी अन्नकाली हीच ती, जिच्या बाहुलीचे लग्न त्या चांदण्या रात्री चालू होते. ललिता मिळणार नाही हे कळल्यावर, मरणाऱ्या गुरुचरणाच्या इच्छेला मान देऊन गिरीन त्याच्या घरचा जावई होतो, तो या अन्नकालीशी लग्न करून. गिरीन सज्जन आहे, त्याचा हेतू चांगला आहे, आणि कादंबरीचा वाचक त्याच्यावर खूश होतो. चित्रपटातही ललिताची मामेबहीण कोयल हिचे गिरीशशी लग्न झाल्याचे आपल्याला शेवटी कळते, आणि आपण सुटकेचा निःश्वास सोडतो, कारण आता ललिता शेखरसाठी मोकळी आहे. बिनव्याजी दिलेल्या त्या पैशाची परतफेड कोणत्या रूपात झाली, आणि बाहुलीचे लग्न लावणाऱ्या मुलीला तिच्या लग्नाविषयी कोणी काही विचारले का, हे शरदबाबूंनी लिहिलेले नाही आणि आजवरच्या कोणत्याही हिंदी रूपांतराला ते विचारावेसे वाटलेले नाही.